मुलगा की मुलगी: ठरतं कधी, कळतं कसं आणि सांगत का नाहीत

मिरजेत किंवा साताऱ्यात कुठल्याही सोनोग्राफी सेंटरला गरोदर बाईला घेऊन जा, मशीनपर्यंत पोहोचण्याआधी बराच वेळ कागदांत जातो. आधार कार्डाची झेरॉक्स, पूर्ण पत्ता, मोबाइल नंबर, आधीची मुलं किती, त्यांत मुलगे किती, मुली किती, त्यांची वयं काय, चिठ्ठी कुणाची. मग सही किंवा अंगठा, तोही अशा मजकुराखाली की मला माझ्या गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. भिंतीवर मोठी पाटी असते, इथे गर्भलिंग निदान होत नाही, तो गुन्हा आहे. नवख्या जोडप्याला वाटतं, आपण तर बाळ नीट आहे का बघायला आलोय, मग आपल्याकडे संशयाने का बघतात?

दुसरीकडे बातम्या थांबत नाहीत. कुठे गाडीत मशीन घेऊन फिरणारी टोळी सापडते, कुठे एजंट. आणि घरात मात्र पोटाचा आकार, डोहाळे, तारखा यांवरून अंदाज बांधणं चालूच असतं. या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे, ती आधी सांगतो. पाळी चुकून घरात बातमी कळते तेव्हा मुलगा की मुलगी हा निकाल लागून साधारण दोन आठवडे उलटलेले असतात. तो कुणाच्या मर्जीने लागलेला नसतो आणि त्यानंतर तो बदलू शकेल असं औषध, अन्न, व्रत किंवा ऑपरेशन नाही.

आधी आठवड्यांचा हिशेब

डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण ती तारीख बाईला आठवते. गर्भ प्रत्यक्षात राहतो त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी. म्हणजे डॉक्टर "आठवा आठवडा" म्हणतात तेव्हा गर्भाचं वय सहा आठवडे असतं. इथून पुढे सगळीकडे डॉक्टरांचाच हिशेब धरला आहे.

निकाल कुठे लागतो

आपल्या प्रत्येक पेशीत आनुवंशिक माहिती गुंडाळून ठेवलेली असते. त्या गुंडाळ्यांना गुणसूत्रं म्हणतात. ती ४६ असतात, म्हणजे २३ जोड्या. बावीस जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्याच. तेविसावी जोडी बाईत एक्स-एक्स असते आणि पुरुषात एक्स-वाय.

बीजांड आणि शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकेकच गुणसूत्र पुढे जातं. बाईकडे दोन्ही एक्सच असल्यामुळे प्रत्येक बीजांडात एक्सच येतं. पुरुषाच्या वृषणात मात्र एका पेशीपासून चार शुक्राणू बनतात, त्यांतले दोन एक्सवाले आणि दोन वायवाले. त्यामुळे वीर्यातल्या कोट्यवधी शुक्राणूंत दोन्ही जवळपास निम्मेनिम्मे असतात. बीजांडात एक्सवाला शिरला तर मुलगी, वायवाला शिरला तर मुलगा. हे नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९०५ मध्ये धान्याच्या पिठात होणाऱ्या एका किड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघून दाखवून दिलं. शंभराहून जास्त वर्षं झाली. तरी मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरं अजून आहेत, आणि हे लिहितानाही त्याचा राग येतो.

मग दोष पुरुषाचा का? तसंही नाही. वायवाला शुक्राणू पुढे पाठवणं कुठल्याही पुरुषाच्या हातात नसतं. गुणसूत्र त्याच्याकडून येतं एवढंच खरं. निवड तो करत नाही आणि बाईही करत नाही.

सुरुवातीला सगळे गर्भ सारखेच

गुणसूत्रांचा निकाल पहिल्याच दिवशी लागला तरी गर्भाच्या शरीरात सातव्या आठवड्यापर्यंत मुलगा-मुलगी असा काही फरक दिसत नाही. प्रत्येक गर्भात एकसारख्या दोन गाठी असतात, ज्यांचं पुढे वृषण किंवा बीजांडकोश होणार असतं. आणि प्रत्येक गर्भात नळ्यांच्या दोन्ही जोड्या असतात, एक पुरुषी अवयवांची, एक गर्भाशयाची.

आठव्या आठवड्याच्या सुमारास वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय नावाचं जनुक थोडा काळ जागं होतं. जनुक म्हणजे गुणसूत्रावरची एक सूचना. हे जनुक १९९० मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी शोधलं. उसाला पाणी पाजताना मातीचं एक दारं मोडलं की पाणी त्या बाजूला वळतं आणि पुढच्या साऱ्या सऱ्या त्याच बाजूने भिजत जातात, तसं हे जनुक काम करतं. त्याच्यामुळे गाठींचे वृषण होतात. वृषण दोन रसायनं सोडतात. एक गर्भाशयाच्या नळ्या आक्रसून टाकतं, दुसरं म्हणजे टेस्टोस्टेरॉन पुरुषी नळ्या टिकवतं आणि बाहेरच्या अवयवांना आकार देतं. एसआरवाय नसेल तर दुसरी जनुकं आपलं काम करतात आणि बीजांडकोश, गर्भाशय तयार होतं. मुलगी होणं म्हणजे नुसतं "मुलगा न होणं" नाही, बीजांडकोश घडवणारी स्वतंत्र जनुकं आहेत. बाहेरचे अवयव अकराव्या आठवड्यापर्यंत दोघांचेही जवळपास सारखेच असतात, चौदाव्या आठवड्याच्या आसपास फरक स्पष्ट होतो.

कधी कधी ही साखळी वेगळ्या वाटेने जाते. गुणसूत्रं एक्स-वाय, पण शरीर टेस्टोस्टेरॉनला दाद देत नाही, मग बाळ मुलीसारखं दिसतं. टर्नर सिंड्रोममध्ये एकच पूर्ण एक्स असतं, क्लाइनफेल्टरमध्ये एक्स-एक्स-वाय अशी तीन असतात. यातला एक प्रकार प्रत्येक घराने ओळखायला हवा, कारण त्यात जीव जाऊ शकतो. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत जन्मजात दोष असला की एक्स-एक्स गुणसूत्रांच्या बाळाचेही बाहेरचे अवयव मुलासारखे किंवा मधल्यासारखे दिसतात. अशा अनेक बाळांच्या अंगातलं मीठ लघवीवाटे निघून जातं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ ओकत असेल, वजन घटत असेल, मलूल पडत असेल आणि अवयवांबद्दल शंका असेल तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका. मोठ्या दवाखान्यात रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासून औषधं सुरू केली की बाळ वाचतं. मुलग्यात बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत ओकारी आणि घटतं वजन यांवरच सावध व्हावं लागतं.

सम तारीख, शिवलिंगीच्या बिया आणि डोहाळे

सम तारखेला संबंध आला तर मुलगा, विषमला मुलगी, असं छातीठोकपणे सांगणारे आहेत. काही जण तारखेऐवजी पाळीपासूनचे दिवस मोजतात. पण शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात आणि बीजांड बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. म्हणजे संबंध आला ती तारीख आणि गर्भ राहिला ती तारीख यांत चार-पाच दिवसांचं अंतर पडू शकतं. मग सम कुठली धरायची? वायवाले शुक्राणू हलके म्हणून वेगाने पळतात, तेव्हा बीजांड बाहेर पडायच्या दिवशीच संबंध ठेवा, असा सल्ला शिकलेलेही देतात. १९९५ मध्ये अमेरिकेत रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून बीजांडाचा दिवस काढून हे तपासलं गेलं. दिवसाचा आणि बाळाच्या लिंगाचा संबंध आढळला नाही.

औषधांची गोष्ट जास्त गंभीर आहे. मुलगा व्हावा म्हणून शिवलिंगीच्या बिया, पुड्या, गोळ्या बहुधा दीड-दोन महिने झाल्यावर देतात, कारण तोवर गरोदरपणाची खात्री झालेली असते. लिंग तर कधीच ठरलेलं आहे. मात्र बाळाचं हृदय, मेंदू, हातपाय घडण्याचा काळ नेमका हाच. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशी औषधं घेतलेल्या बायकांमध्ये बाळात व्यंग असणं आणि बाळ मृत जन्मणं यांचं प्रमाण जास्त आढळलं. अशा औषधाची जाहिरात करणं हाही गुन्हा आहे.

गोड खावंसं वाटणं, पोट पुढे येणं की पसरणं, चेहरा उजळणं, बाळाच्या ठोक्यांचा वेग, यांतल्या कशावरूनही लिंग कळत नाही. पण असे अंदाज टिकून का राहतात ते सोपं आहे. डोळे मिटून "मुलगा" म्हटलं तरी शंभरात पन्नासच्या वर अंदाज बरोबर येतात. बरोबर आलेले लक्षात राहतात, गावभर सांगितले जातात, चुकलेले विसरले जातात. डोहाळजेवणात वाटीखाली पेढा आणि बर्फी ठेवतात तो खेळ म्हणून ठीक आहे.

दोन मुली झाल्या, आता तरी?

नाही. मागच्या बाळंतपणांची आठवण शुक्राणूंना नसते. चार मुलींनंतरही पाचव्या खेपेला मुलगा होण्याची शक्यता तेवढीच, शंभरात साधारण एक्कावन्न. "आता मुलगाच होणार" हे चूक आणि "हिला मुलीच होतात" हेही चूक.

साताऱ्यात मुलींना "नकुशा" नाव ठेवण्याची रीत याच गैरसमजातून आली. नको असलेली मुलगी म्हणून नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, असं मानत. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना त्यांच्या पसंतीची नवी नावं दिली गेली.

आकडे काय सांगतात

निसर्गात मुलगे आणि मुली अगदी समसमान जन्मत नाहीत. जगभर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्माला येतात. आपल्या पद्धतीने सांगायचं तर हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली. म्हणून ९५०च्या आसपासचा आकडा बघून घाबरायचं कारण नाही, आणि हजार नाही म्हणून कुणावर आरोपही करायचा नाही.

२००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या, साताऱ्यात ८७८. २०११ मध्ये सांगली ८६७ आणि सातारा ८९५. याच दहा वर्षांत राज्याचा आकडा ९१३ वरून ८९४ वर उतरला. सांगलीचा आकडा थोडा सुधारला खरा, पण नैसर्गिक प्रमाणापेक्षा हजारामागे ऐंशीहून अधिक मुली तेव्हाही कमी होत्या. ऊस, द्राक्षं, हळद आणि साखर कारखान्यांच्या या सधन पट्ट्यातलं हे चित्र आहे. गरिबी हे कारण इथे पुरत नाही. मशीनपर्यंत पोहोचायला पैसा लागतो, आणि तो इथे होता.

एका गावाचा एका वर्षाचा आकडा बघून मात्र निष्कर्ष काढू नये. वर्षाला ४० बाळंतपणं होणाऱ्या गावात एखाद्या वर्षी २५ मुलगे आणि १५ मुली निव्वळ योगायोगानेही होतात. जाणकार दोन गोष्टी बघतात. एक म्हणजे चार-पाच वर्षांची बेरीज. दुसरी, पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसरं अपत्य काय झालं. निवड होत असेल तर ती तिथे उघडी पडते, कारण पहिल्या खेपेला बहुतेक घरं काही करत नाहीत.

कळतं कसं, आणि चाचण्या खऱ्या कशासाठी

गर्भाचं लिंग कळू शकेल अशा वाटा तीन. सोनोग्राफीत चित्र दिसतं. आईच्या रक्तात वारेतून सुटलेले आनुवंशिक धागे फिरत असतात, दहाव्या आठवड्यानंतर ते तपासता येतात. डेनिस लो या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये हे धागे आईच्या रक्तात दाखवले. तिसरी वाट म्हणजे सुईने गर्भजल काढणं, सहसा पंधराव्या आठवड्यानंतर, किंवा त्याआधी वारेचा बारीक तुकडा काढणं.

यांतली एकही चाचणी लिंग बघण्यासाठी नाही. डाऊन सिंड्रोम, थॅलेसेमिया, सिकलसेल, जन्मजात व्यंगं यांच्यासाठी त्या आहेत. भारतातल्या रक्तचाचणीच्या रिपोर्टात लिंग लिहीत नाहीत. गर्भजल काढण्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, म्हणून ती चाचणी कायद्याने ठरवलेल्या कारणांसाठीच होते. आईचं वय ३५ पेक्षा जास्त, दोन किंवा अधिक वेळा आपोआप गर्भपात, घराण्यात आनुवंशिक आजार किंवा व्यंग, गर्भाला घातक औषध वा किरणांचा संपर्क, अशी ती कारणं.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत काय बघतात

ही तपासणी अठरा ते वीस आठवड्यांत करायची. त्याआधी अवयव फार लहान असतात, आणि फार उशीर केला तर गंभीर व्यंग सापडूनही निर्णयाला वेळ उरत नाही. नीट केली तर तिला वीस ते तीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत उरकली असेल तर "सगळं बघून झालं का" असं विचारायला लाजू नका.

आधी डोक्याची रुंदी आणि घेर, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी. या चार मापांवरून वाढ आठवड्यांशी जुळते का ते कळतं. मग मेंदूतल्या पाण्याच्या जागा वाढल्यात का. वरचा ओठ सलग आहे का. पाठीचा कणा मानेपासून माकडहाडापर्यंत बंद आहे का, त्यासाठी कणा उभा आणि आडवा दोन्हीकडून बघतात. हृदयाचे चार कप्पे, आणि त्यातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडून जातात का. हे शेवटचं सगळ्यात अवघड, आणि घाईत सुटतं तेही हेच. पोटात जठराचा फुगा, दोन मूत्रपिंडं, मूत्राशय, नाळ बेंबीशी नीट जोडलेली, हातपायांची हाडं. सोबत गर्भजल पुरेसं आहे का आणि वार कुठे चिकटली आहे.

बाळ पालथं असेल, आईच्या पोटावर चरबी जास्त असेल किंवा पाणी कमी असेल तर काही गोष्टी दिसत नाहीत. मग "थोडं चालून या" किंवा "आठ दिवसांनी या" म्हणतात. त्यात लपवाछपवी नसते. वार खाली आहे असं रिपोर्टात आलं तर घाबरायचं नाही, गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची वार वर सरकते, बत्तिसाव्या आठवड्याला पुन्हा बघतात. पण अंगावरून रक्त गेलं तर ताबडतोब दवाखाना.

कणा आणि मेंदूची नळी मिटते ती सहाव्या आठवड्यापर्यंतच, म्हणजे बऱ्याचदा बातमी कळण्याच्या आतच. म्हणून फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच रोज घ्यायची असते. बाळासाठी घरातल्यांच्या हातात खरोखर काही असेल तर ते हे.

एवढे कागद कशाला

तो फॉर्म म्हणजे "फॉर्म एफ". १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंध कायद्याखाली प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला तो भरावा लागतो. त्याआधी १९८८ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता, असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा १९९६ पासून लागू झाला, आणि २००३ मध्ये दुरुस्ती होऊन गर्भधारणेआधीची लिंगनिवडही बंद झाली. म्हणजे शुक्राणू वेगळे काढणं किंवा टेस्ट ट्यूब बेबीत गर्भ निवडणं.

फॉर्मवर डॉक्टरलाही लिहून द्यावं लागतं की मी लिंग पाहिलं नाही, सांगितलं नाही. महिन्याचे फॉर्म पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी प्राधिकाऱ्याकडे जातात आणि कागद दोन वर्षं सांभाळावे लागतात. अर्धवट फॉर्म ही किरकोळ कारकुनी चूक आहे, ती गुन्हा धरू नका, अशी डॉक्टरांच्या संघटनेची मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये ती फेटाळली. बंद खोलीत काय बोललं गेलं याचा पुरावा मिळत नाही, कागद हाच पुरावा असतो. किती मुली असलेल्या बाईची, कुणाच्या चिठ्ठीवर, कशासाठी तपासणी झाली हे त्यातूनच उलगडतं. मुलींची संख्या विचारतात ती यासाठी.

आम्ही काही पाडणार नाही, नुसती हौस आहे

बहुतेक घरं खरंच हौसेने विचारतात. पण डॉक्टरला विचारणाऱ्याचं मन दिसत नाही, आणि एकाला हौसेने सांगायचं म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हणायला कारण उरत नाही. म्हणून कायदा हेतू बघत नाही. शब्दाने, खुणेने, कुठल्याही मार्गाने सांगणं बंद. "पेढे वाटा", "जिलेबी आणा" असं म्हणणं हेही सांगणंच आहे.

परदेशात सांगतात, मग इथेच का नाही

जिथे मुलगाच हवा असा हट्ट नाही तिथे सांगून काही बिघडत नाही. बंदी कायमची असते असंही नाही. दक्षिण कोरियाने १९८७ मध्ये अशीच बंदी घातली. १९९० मध्ये तिथे १०० मुलींमागे ११६ हून जास्त मुलगे जन्मत होते. पुढे मुलींचं शिक्षण आणि नोकऱ्या वाढल्या, घराण्याचे कायदे बदलले, प्रमाण नैसर्गिक झालं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने बंदी रद्द केली. आपण अजून त्या टप्प्यावर नाही.

उलट, सगळ्यांना सांगून टाका आणि मुलीच्या प्रत्येक गर्भावर लक्ष ठेवा, अशी सूचना येते. २०१६ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी ती मांडली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीही तसंच सुचवलं. ऐकायला बरं वाटतं. पण लक्षात आलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात दहा-पंधरा आपोआप पडतात. पोटात मुलगी असलेल्या अशा प्रत्येक बाईच्या दारात मग पोलीस येणार. गुन्हा मशीनच्या खोलीत होतो आणि ओझं तिच्या डोक्यावर.

म्हणजे गर्भपातच बेकायदा का

नाही, आणि ही गल्लत बायकांना महागात पडते. गर्भपाताचा कायदा वेगळा आहे, १९७१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, काही ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात कायदेशीर आहे. गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं. फक्त "मुलगी आहे" हे कारण चालत नाही. गर्भपाताच्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच देतात, आणि तोवर सोनोग्राफीत लिंग दिसतच नाही. त्यामुळे गोळ्या मागणाऱ्या बाईकडे लिंगनिवडीच्या संशयाने बघण्यात अर्थ नाही.

हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, किंवा त्यासारखे आजार बहुतांशी मुलग्यांनाच होतात, त्या घरांनी काय करायचं? कायद्यात त्यांची सोय आहे. लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी चाचणी करता येते, आणि ती नेमक्या त्या जनुकातला दोष बघते. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार असण्याची शक्यता निम्मी, म्हणून नुसतं "मुलगा" एवढं कळूनही काम भागत नाही.

एजंटचं गणित

गाडीतलं मशीन नोंदणी नसलेलं, चालवणारा बऱ्याचदा न शिकलेला. बाराव्या-तेराव्या आठवड्यात अवयव अजून पुरते वेगळे झालेले नसतात, त्यामुळे वाचन चुकतं. "मुलगा आहे" म्हटलं तर एजंटची कमाई तिथेच थांबते, "मुलगी आहे" म्हटलं तर पुढच्या गर्भपाताचे पैसेही मिळतात. असा माणूस काय सांगेल याचा विचार करा. तक्रार करायची सोय नसते, कारण विचारणाराही गुन्ह्यात असतो.

मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला मार्च २०१७ मध्ये बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेला. तपास करताना पोलिसांना गावाजवळ पुरलेले १९ भ्रूणांचे अवशेष मिळाले. चौथ्या-पाचव्या महिन्यातला गर्भपात ही मोठी गोष्ट असते. वार अर्धवट राहून रक्तस्राव थांबत नाही, गर्भाशयाला भोक पडतं, जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. रक्तपेढी आणि ऑपरेशन थिएटर हाताशी नसेल तर बाई काही तासांत जाते.

शिक्षा आणि तक्रार

लिंग तपासणाऱ्या डॉक्टरला पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षं आणि पन्नास हजार. गुन्हा सिद्ध झाला की वैद्यकीय परिषदेतून पाच वर्षांसाठी नाव कमी होतं, दुसऱ्यांदा कायमचं. तपासणी करायला लावणाऱ्या नवऱ्याला किंवा सासरच्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, तडजोड न होणारा. बाईला घरच्यांनी भाग पाडलं असंच न्यायालय धरून चालतं, उलट पुरावा आला तरच वेगळं. दबाव असलेल्या बाईने "मीच अडकेन" या भीतीने गप्प राहायचं कारण नाही.

साताऱ्यात ॲडव्होकेट वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने गरोदर बायकांच्या धाडसाच्या जोरावर अनेक केंद्रांवर सापळे लावले. या कामासाठी त्यांना २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. त्यांच्या अनुभवातून एक शहाणपण घ्यावं, स्वतः परस्पर सापळा लावायला जाऊ नये. एजंट सावध होतो आणि खटला ढिला पडतो.

तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करायची. सांगली-मिरज-कुपवाड हद्दीत महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण भागात तालुक्याच्या प्राधिकाऱ्याकडे. राज्य सरकारच्या खबऱ्या योजनेत नाव गुप्त ठेवतात आणि खात्रीची खबर दिल्यास बक्षीस मिळतं. लिहून द्याल तेव्हा एवढं असू द्या: केंद्राचं नाव किंवा गाडीचा नंबर, ठिकाण आणि वेळ, एजंटचा मोबाइल नंबर, मागितलेली रक्कम, आणि बोलणं नेमकं कोणत्या शब्दांत झालं ते. मेसेज किंवा कॉल रेकॉर्डिंग असेल तर मोबाइलमधून पुसू नका, आणि दिलेल्या तक्रारीची पोच घ्या. पंधरा दिवसांत कारवाई झाली नाही तर त्या तक्रारीच्या आधारे तुम्हाला स्वतः न्यायालयात जाता येतं. त्यासाठी तक्रारीत न्यायालयात जाण्याचा इरादाही लिहिलेला असावा लागतो.